शिक्षणाचे ऋण : फेड, सवलत आणि माफी

शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढणे ही आता आपल्याकडे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एके काळी मुलाला पुण्या-मुंबईस शिकावयास ठेवायचे म्हणजे आईच्या पाटल्या गहाण पडत, किंवा मुलगा वार लावून जेवे आणि माधुकरीवर दिवस काढी. त्या जागी आज बँकेचा छापील अर्ज आला आहे. ही प्रगतीच आहे, याविषयी मला शंका नाही. सावकाराकडे गेलेल्या पाटल्या परत न आल्याच्या कथा पुष्कळ घरांत अजून सांगितल्या जातात. परंतु कर्ज मिळविताना घरातील सगळी माणसे जी धावपळ करतात, तिचा दहावा हिस्साही कर्ज फेडावयाचे कसे हे समजून घेण्यात खर्च होत नाही. मंजुरीच्या पत्रावर सही करतेवेळी ते पत्र शेवटपर्यंत वाचणारा बाप विरळा, आणि मुलगा तर त्याहून विरळा.

त्यात अलीकडे एका समजुतीची भर पडली आहे. शेतकऱ्यांची कर्जे माफ झाली, अमेरिकेत विद्यार्थ्यांची कर्जे माफ झाली, तेव्हा आपल्या मुलाचेही आज ना उद्या माफ होईल. मग घाई कशाला? ही समजूत बोलून दाखविणारे थोडे, परंतु मनात बाळगणारे बरेच आहेत, आणि तिच्या भरवशावर हप्ते थांबवून बसलेली कुटुंबेही आहेत. म्हणून माफीची वस्तुस्थिती काय, हे आज जरा खोलात जाऊन पाहावयाचे आहे. पण त्याआधी कर्जाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. कारण माफीची वाट पाहणाऱ्याचे नुकसान नेमके कोठे होते ते त्या रचनेतच दडलेले आहे.

आपल्या देशात शैक्षणिक कर्जाला आजचे रूप आले ते २००१ साली. इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघाने त्या वर्षी एक नमुना योजना तयार केली आणि रिझर्व्ह बँकेने ती सर्व बँकांकडे पाठविली. पुढे तीत वेळोवेळी फेरफार झाले. या नमुन्याप्रमाणे ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आईबापांपैकी एकजण सहकर्जदार असला की पुरे. साडेसात लाखांच्या वर मात्र घर, जमीन, ठेव असे काही तरी तारण द्यावे लागते. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. बँकेच्या भाषेत याला मोरेटोरियम म्हणतात, आपण सोयीसाठी त्याला विसाव्याचा काळ म्हणू. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत हप्त्यांनी फेड करता येते. हा नमुना आहे, कायदा नव्हे, हे विसरू नये. प्रत्येक बँक त्यात थोडाफार बदल करते, आणि बँक नसलेल्या वित्तसंस्था तर त्याने बांधलेल्याच नाहीत. त्यांतल्या काही पहिल्या महिन्यापासून व्याज मागतात.

या विसाव्याच्या काळाविषयीच मोठा गैरसमज आहे. विसावा मिळतो तो ऋणकोला. व्याजाला मिळत नाही. पहिली फी बँकेने महाविद्यालयाकडे धाडली त्या दिवसापासून व्याज चालू होते. सुदैवाने या काळात ते सरळव्याजाने धरले जाते, परंतु विसावा संपताच साठलेले सारे व्याज मुद्दलात मिसळते आणि मग व्याजावर व्याज चढू लागते.

आकडे घेऊन पाहू. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी १० लाखांचे कर्ज घेतले, दरवर्षी आरंभी अडीच लाख बँकेने भरले, आणि व्याजाचा दर सोयीसाठी १० टक्के धरला. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचे व्याज होते, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण व्याज साडेतीन लाख. म्हणजे मुलगा पहिला हप्ता भरायला जातो त्या दिवशी त्याच्या डोक्यावर १० लाख नसतात, साडेतेरा लाख असतात. हे कर्ज दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १७,८४० रुपये बसतो. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे १४,५०० रुपये. सव्वातीन हजारांनी हप्ता हलका झाला म्हणून पुष्कळजण आनंदाने पंधरा वर्षे पत्करतात. परंतु दहा वर्षांत एकूण सुमारे २१ लाख ४० हजार भरावे लागतात, तर पंधरा वर्षांत सुमारे २६ लाख १० हजार. त्या हलक्या हप्त्याची किंमत पावणेपाच लाखांच्या घरात जाते. आणखी एक गोष्ट. पंधरा वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले ११,२५० रुपये केवळ व्याजात जातात, मुद्दल फिटते ते जेमतेम सव्वातीन हजार. दोन वर्षे नेमाने हप्ते भरून खातेउतारा पाहणाऱ्या तरुणाला बँकेने लबाडी केली असे वाटते, ते यामुळे. लबाडी नसते, गणित असते.

मग लांब मुदत घेऊच नये काय? माझे मत असे की, मुदत लांबचीच घ्यावी आणि फेड मात्र लवकर करावी. वरच्याच उदाहरणात पंधरा वर्षांची मुदत घेऊन दरमहा ५ हजार जास्त भरले तर कर्ज पावणेनऊ वर्षांच्या आतच फिटते, आणि एकूण भरणा २० लाख २० हजारांच्या आसपास राहतो. नोकरी गेली, घरात आजारपण आले, तर जास्तीचे ५ हजार थांबविता येतात. हप्त्याचे ओझे मूळचेच हलके असल्याने थकबाकी होत नाही. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीपूर्व फेडीसाठी बँकेला दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१४ पासूनचा दंडक आहे. फक्त जास्तीची रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करावी, असे लेखी द्यावे. नाही तर ती पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ पडून राहते.

व्याज शिकत असतानाच भरीत गेले तर त्याहूनही लाभ होतो. पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे २,१०० रुपये, शेवटी शेवटी ८,३०० रुपये, असे ते जाते. मग हप्ता १० लाखांवरच बसतो, आणि दहा वर्षांच्या फेडीत एकंदर दोन लाखांहून अधिक वाचतात. शिवाय असे व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्क्यापर्यंत सूट देण्याची तरतूद नमुना योजनेत आहे. ज्या बापाला हे झेपते त्याने हे करावे. ज्याला झेपत नाही त्याने मुलाच्या फीसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज भरण्याकरिता दुसरीकडून उसने घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. तसे करणारे लोक आहेत.

आता सरकारी मदतीकडे वळू. येथे सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत दुर्लक्षित अशी गोष्ट म्हणजे व्याजाची सवलत. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्यांच्या मुलांच्या देशातील तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावरील विसाव्याच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते, अशी योजना २००९-१० पासून चालू आहे. आपल्या उदाहरणातील साडेतीन लाखांचे ओझे आठवा, म्हणजे या सवलतीचे मोल कळेल. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत निवडक ८६० दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणावाचून आणि जामिनावाचून कर्ज मिळावयाचे आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, दुसरी सवलत वा शिष्यवृत्ती न घेणाऱ्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर विसाव्याच्या काळात ३ टक्के व्याजाची सूट आहे. ही सूट वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे.

या सवलती आपोआप पदरात पडत नाहीत. उत्पन्नाचा दाखला वेळेवर लागतो, बँकेने मागणी नोंदवावी लागते, संस्था मान्यतेच्या निकषात बसावी लागते. कुटुंब पात्र आहे, दाखला पेटीत आहे, आणि बँकेत मात्र कोणी दिलाच नाही, असे प्रकार घडतात. साडेचार लाखांची मर्यादा असलेल्या सवलतीचा आणखी एक नियम कडक आहे: आजारपणासारखे कारण नसता मुलाने शिक्षण अर्धवट सोडले, किंवा शिस्तभंगावरून त्याला काढून टाकले, तर ती जाते. पदवी आणि पदव्युत्तर यांपैकी एकदाच ती घेता येते, म्हणून कोठे घ्यावी याचाही विचार आधी करावा.

प्राप्तिकराची सूट वेगळी. ज्या तरतुदीला लोक वर्षानुवर्षे ‘८०-ई’ म्हणत आले, तिच्यान्वये भरलेले सगळे व्याज उत्पन्नातून वजा होते, रकमेला कमाल मर्यादा नाही. परंतु ही सूट करआकारणीच्या जुन्या पद्धतीतच आहे, मुद्दलाला नाही, आणि व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षांपुरतीच आहे. पंधरा वर्षांच्या कर्जाची शेवटची सात वर्षे तिच्याबाहेर राहतात. ज्याचे उत्पन्न कराच्या पायरीवरच चढत नाही त्याला तिचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे गरजवंतापेक्षा सुस्थितास ही सवलत अधिक मिळते, असा तिचा विचित्र गुण आहे.

आता माफी.

अमेरिकेतील विद्यार्थ्यांची माफी हा आपल्या समजुतीचा एक उगम, म्हणून तेथून आरंभ करू. स्पुटनिक आकाशात गेल्यावर १९५८ साली अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि विद्यार्थ्यांना सरकारी कर्जे देण्यास प्रारंभ केला. शिक्षक होणाऱ्यांना त्यात निम्म्यापर्यंत सूट होती. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने हा व्याप वाढला. आज तेथे चार कोटींहून अधिक माणसांवर मिळून सुमारे १.६ लाख कोटी डॉलरांचे सरकारी शैक्षणिक कर्ज आहे. या कर्जात धनको सरकार स्वतः आहे, हा आपल्याशी असलेला मूलभूत फरक. सरकारला आपलेच येणे सोडता येते. २००७ साली झालेल्या कायद्याने असे ठरविले की, शासकीय वा धर्मादाय संस्थेत नोकरी करून १२० मासिक हप्ते नेमाने भरणाऱ्याचे उरलेले कर्ज सोडून द्यावे. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, पहिले अर्ज आले तेव्हा शेकडा नव्याण्णव नाकारले गेले. कोणाचे कर्ज त्या प्रकारात बसत नव्हते, कोणी चुकीच्या हप्तेपद्धतीने भरत होता, कोणाचे १२० हप्ते पुरे होत नव्हते. पुढे नियम सैल झाले आणि लाखोंना लाभ मिळाला. तरी पहिल्या वर्षांतली ती निराशा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ज्या माफीचा आपल्याकडे गाजावाजा झाला ती वेगळीच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष बायडेन यांनी प्रत्येकी १० हजार डॉलर, आणि गरीब विद्यार्थ्यांची पेल शिष्यवृत्ती मिळालेल्यांना २० हजार डॉलरपर्यंत, माफ करण्याची घोषणा केली. ३० जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. आपल्या वृत्तपत्रांत घोषणा पहिल्या पानावर आली होती. निकाल किती जणांनी वाचला कोण जाणे. त्यानंतर आणलेली, उत्पन्नानुसार हप्ता कमी करणारी योजनाही न्यायालयात अडकली, आणि २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने ती मोडीत काढून नवी पद्धत घातली. तीत उत्पन्नाच्या १ ते १० टक्के हप्ता आहे, आणि उरलेले कर्ज सुटते ते तीस वर्षांनंतर. पंचविशीतला तरुण पंचावन्न वर्षांचा होईपर्यंत. शिवाय ही सारी कर्जे तेथील नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. सांगलीहून किंवा नाशिकहून तेथे शिकावयास गेलेल्या मुलाने आपल्या बँकेचे कर्ज काढलेले असते; वॉशिंग्टनमध्ये काहीही ठरले तरी त्याच्या खात्यावरचा एक रुपयाही हलत नाही.

दुसरा उगम म्हणजे शेतकऱ्यांची कर्जमाफी. २००८ साली केंद्राने, २०१७ आणि २०१९ साली महाराष्ट्र सरकारने ती दिली. या माफ्यांत बँकांनी आपले पैसे सोडले नाहीत. सरकारने तिजोरीतून ते बँकांना भरून दिले. म्हणजे माफीसाठी कोणी तरी पैसे मोजावे लागतात. शैक्षणिक कर्जाबाबत देशभर असे पैसे कोणत्याही सरकारने मोजलेले नाहीत. केरळ सरकारने २०१७ साली थकलेल्या शैक्षणिक कर्जांसाठी साहाय्य योजना काढली, पण तीतही कर्जदाराने आपला वाटा भरल्यावर सरकारचा वाटा, असाच हिशेब होता. महाराष्ट्रात तेवढेही घडले नाही.

‘बँकांनी अमुक कोटींची कर्जे माफ केली’ अशा मथळ्यांनी आणखी घोटाळा होतो. ते बहुधा निर्लेखन असते. वसूल होण्याची आशा थोडी असलेली रक्कम बँक आपल्या ताळेबंदातून काढते. ऋणकोचे देणे मात्र जसेच्या तसे उभे असते, आणि वसुलीही चालू राहते. वहीतून नाव काढले म्हणजे देणे फिटले, असे आपल्याकडे वाण्याच्या दुकानातसुद्धा नव्हते.

जुन्या मंडळींना येथे दामदुपटीचा नियम आठवेल. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये, हा हिंदू धर्मशास्त्रातील नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत. १८७५ साली सुपे येथून दंगे उसळल्यावर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने तर न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला होता. सावकारापुढे ऋणकोला मिळालेले हे संरक्षण बँकेपुढे मिळत नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून २१-अ हे कलम आहे. व्याज जबर आहे एवढ्या कारणावरून बँकेच्या कर्जाचा हिशेब न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. दिवाळखोरीची वाटही अशीच बंद होत आली आहे. अमेरिकेने १९७६ पासून टप्प्याटप्प्याने विद्यार्थी कर्जाला दिवाळखोरीतून वगळले. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही, व्यक्तींच्या सुटकेच्या प्रकरणात, जी देणी सुटावयाची नाहीत त्यांच्या यादीत दंड आणि पोटगी यांच्या पंक्तीला विद्यार्थी कर्ज बसविलेले आहे. ते प्रकरण सर्वसामान्य व्यक्तींना अजून लागू झालेले नाही, परंतु कायदा करणाऱ्यांचा कल त्यातून दिसतो. शिक्षणासाठी घेतलेले कर्ज दंडाच्या शेजारी का असावे, हे मला उमगलेले नाही.

मग हप्ता खरोखरीच झेपेनासा झाला तर काय करावे? पहिली गोष्ट, हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जावे. नव्वद दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते, आणि त्यानंतर शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. त्याआधी मात्र बरेच असते. शिक्षण वेळेत पुरे झाले नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ, बेकारीच्या काळात कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा विसावा, आरंभी लहान आणि पुढे पगाराबरोबर वाढत जाणारे हप्ते, या सर्वांना नमुना योजनेत वाव आहे. अर्ज लेखी द्यावा, नोकरी सुटल्याचा कागद जोडावा, पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. वसुलीची माणसे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बभ्रा करू शकत नाहीत. हेही नियम रिझर्व्ह बँकेचेच आहेत.

खाते अनुत्पादक होऊन तारणावर घर असेल तर प्रकरण गंभीर आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयात न जाता साठ दिवसांची नोटीस देऊन तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार दिला आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, राहत्या घराला आहे. मुलगा परदेशात नोकरीच्या शोधात, आणि नोटीस लागते ती गावातल्या निवृत्त बापाच्या दारावर, हे दृश्य या कर्जांच्या बाबतीत दुर्मिळ नाही. ते साठ दिवस भांडण्यात किंवा लाजेने गप्प बसण्यात घालवू नयेत. नोटिशीला लेखी हरकत घेता येते, आणि बँकेने पंधरा दिवसांत तिचे उत्तर द्यावे लागते.

तडजोडीचा मार्गही असतो. जुन्या थकलेल्या खात्यावर बँक एकरकमी काही सूट देऊन मिटवावयास तयार होते. लोकअदालतीत असे निवाडे होतात. आपल्याकडे माफीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच. पण तिची किंमत असते. पतअहवालात त्या खात्यापुढे ‘पूर्ण फिटले’ असे न लिहिता ‘तडजोडीने मिटले’ असे लिहिले जाते, आणि तो शेरा पुष्कळ वर्षे राहतो. ज्या तरुणाला पुढे घर घ्यावयाचे आहे त्याने सहा महिन्यांची मुदतवाढ मिळत असेल तर तडजोडीपेक्षा तीच घ्यावी. ज्याचे वय उलटले आहे, ज्याची मिळकत वाढावयाची नाही, किंवा ज्या आईबापांचा मुलगाच दगावला आहे आणि देणे सहकर्जदार म्हणून त्यांच्यावर आले आहे, त्यांना मात्र तडजोडीत कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मृत्यूने कर्ज आपोआप माफ होत नाही. कर्जाला जोडून विमा उतरविला असेल तरच ते फिटते, म्हणून विम्याचा कागद आहे की नाही, आणि असला तर त्याची मुदत कर्जाइतकी आहे की नाही, हे आजच पाहून ठेवावे.

शेवटचा हप्ता भरल्यावरही दोन कामे उरतात. देणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि महिना-दीड महिन्याने पतअहवाल काढून खाते बंद दिसते आहे याची खात्री करावी. तारणाचे मूळ दस्तऐवज कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास, उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५ हजार रुपये बँकेने ऋणकोला द्यावयाचे असतात. ते न लाजता मागावेत.